टेकडीखालचं जस्त

स्वतःच्या साखरपुड्यालाही उशिरा पोचलेली देवयानी एका बाबतीत मात्र ठाम होती. राजस्थानातल्या त्या टेकडीखाली जस्त आहे म्हणजे आहे. भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून ती दोन वर्षं तिथल्या उन्हात रापली, दगड फोडले, नकाशे काढले आणि साहेबांशी भांडून आपण सांगू तिथेच ड्रिल लावायला लावलं.

ड्रिल खोलवर गेलं आणि अचानक पोकळीत घसरलं. वर आले ते कुजक्या लाकडाचे तुकडे.

तपासणीत लाकूड दोन हजार वर्षांपूर्वीचं निघालं. तेव्हाच्या लोकांनी तिथे खाण खणून सगळं जस्त कधीच उपसून नेलेलं.

देवयानी तोंड पाडून डोंबिवलीला घरी आली. आईने ताट वाढलं, तर नुसता भात चिवडत बसली.

"जागा अगदी बरोबर होती गं आई," ती म्हणाली. "फक्त माझ्या आधी लोक तिथे येऊन गेलेले."

आईने शांतपणे तिच्या भातावर आमटी घातली.

"तरी मी तुला शाळेत असल्यापासून सांगतेय, घरातून जरा लवकर निघत जा."