दारातलं जेड

कोक सेंगने कुंडीतली चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि लगेच थुंकली. माती खारट होती.

आत त्याची बायको ग्वात होंग पेज शिजवत होती. मिठाचा डबा तिच्या हाताशीच होता. त्याने तिला काही विचारलं नाही. तो जन्माचा संशयी, आणि संशयी माणसाला विचारण्यापेक्षा पाळत ठेवण्यात जास्त गोडी वाटते.

कुंडीतलं जेडचं ते झाड पेनांगमधल्या या घराच्या दारात त्याच्या वडिलांनी लावलं होतं. दर नव्या वर्षाला त्याच्या फांदीला लाल फीत बांधायची रीत होती. मरताना म्हाताऱ्याने लेकाचा हात घट्ट धरून सांगितलं होतं, हे झाड हिरवं आहे तोवर घर सोडू नकोस. कोक सेंगने शब्द दिला. त्या शब्दापायी सिंगापूरच्या गोदीतली चांगली नोकरी त्याने दोनदा नाकारली आणि इथे बिघडलेले पंखे खोलत बसला. आता तिसऱ्यांदा विचारणा झाली होती. यानंतर कुणी विचारणार नव्हतं. ग्वात होंगला जायचं होतं, आणि ते ती लपवतही नव्हती.

नेमकी तेव्हापासूनच झाडाची पानं सुरकुतून गळायला लागली होती.

"ते झाड तुझ्या डोळ्यांत खुपतंय," जेवताना तो म्हणाला.

"माझ्या डोळ्यांत तुमचे पंखे खुपतात," ती म्हणाली. "झाडाने माझं काय घोडं मारलंय?"

"तिला बोलू नकोस रे," आई मध्ये पडली. बदकाचं खारवलेलं अंडं तिने चिरलं, अर्धं त्याच्या पेजेत टाकलं, अर्धं सुनेच्या. "आणि तू गं, जायचं नाव काढू नकोस. बापाला दिलेला शब्द आहे. झाड आहे तोवर जायचं नाही."

अंडं अळणी होतं. आईची अंडी सगळ्या गल्लीत नावाजलेली, पण वयाने हात बिघडला असेल म्हणून त्याने मुकाट्याने गिळलं. बाजारात जातोस तर आलं आणि मीठ आण, असं आईने सांगितलं. ते आणायला तो निघाला खरा, पण डोकं झाडातच होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने पाहिलं, तर ग्वात होंग गळलेली पानं वेचत होती. केरात टाकायची सोडून तिने ती खिशात घातली आणि इकडेतिकडे बघत गच्चीवर गेली. घराचं भाग्य बुडवायला कुण्या मांत्रिकाला पानं नेऊन देते की काय, असं त्याच्या मनात आलं. तोही मागोमाग जिना चढला.

गच्चीवर सावलीत एक पसरट ताट होतं. ताटात वाळू, आणि वाळूवर ओळीने मांडलेली जेडची पानं. कित्येकांच्या देठाशी गुलाबी मुळं फुटली होती आणि तांदळाएवढे हिरवे कोंब आले होते.

"पाणी घालू नका, कुजतील," ग्वात होंग म्हणाली. तिला तो दिसला होता.

"तुला तर जायचंय ना? मग हे कशाला?"

"जायचंय. पण वडिलांचं झाड मारून गेलात तर जन्मभर तोंड पाडून बसाल. तसला नवरा मला नको."

कोक सेंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग कुंडीत मीठ कोण टाकतं, असं त्याने हळूच विचारलं.

"मला वाटलं, तुम्हीच," ती म्हणाली. "शब्द मोडायचा धीर नाही म्हणून."

दोघं एकमेकांकडे बघून हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मीठ टाकणारा कुणी का असेना, आता त्याचं काही चालणार नव्हतं. कोक सेंग ताट उचलून धावतच खाली गेला.

मागच्या अंगणात आई अंड्यांची बरणी पुढ्यात घेऊन बसली होती. त्याने ताट तिच्यासमोर ठेवलं. वडिलांचं झाड गेलं तरी त्याची ही पोरं आहेत, तो म्हणाला, दार कधी सुनं राहणार नाही, आणि सिंगापूरला आजच नाही म्हणून कळवतो.

आईने ताटाकडे पाहिलं, मग लेकाकडे. एका कोंबावरून तिने बोट फिरवलं आणि ओले हात कमरेच्या फडक्याला पुसले.

"आता एवढ्या सगळ्यांना," ती म्हणाली, "मी मीठ कुठून पुरवू रे?"