टॉर्किलच्या घरचा धूर

ओढ्यावरचा पूल रात्रीच्या वादळात वाहून गेला होता. एफीने गाडी तिथेच सोडली आणि ती वळसा घालून माळावरून चालायला लागली.

स्कॉटलंडमधल्या लुईस बेटावरचा हा माळ एरवीही ओलाच असतो; आज पाय ठेवावा तिथे घोटा बुडत होता. टॉर्किलच्या घरी ती रोज उजाडतानाच पोचायची. आज बराच उशीर झाला होता. नजर जाईल तिथवर तपकिरी गवत आणि पाणी, माणूस म्हणून कोणी नाही. तिला फार एकटं वाटलं.

कुंपणाशी फिनले भेटला. तो हरवलेल्या मेंढ्या शोधत होता.

"या चिखलात कुठे निघालीस? डोकंही वाऱ्याबरोबर उडून गेलं की काय?"

"टॉर्किलकडे."

"अगं बाई, कोकरं जन्मली तेव्हाच गेला तो. मेलेल्या माणसाची चूल एक दिवस नाही पेटली तर काय बिघडतं?"

"मरडोला कळेल."

मरडो हा टॉर्किलचा थोरला भाऊ, तळ्यापलीकडे एकटाच राहणारा. जळणाची पीटमाती कुठवर कोणी खणायची, यावरून दोघांचं फाटलं आणि पुढे वर्षानुवर्षं बोलणं बंद. पण सकाळी उठलं की दोघेही आधी एकमेकांच्या धुराड्याकडे बघत. धूर दिसला की भाऊ आहे. मग चहा ठेवायचा.

टॉर्किल ग्लासगोच्या इस्पितळात निघाला तेव्हा एफीला बजावून गेला होता, "आजपासून माझी चूल तू पेटव. आणि मी परत आलो नाही तर त्याला सांगू नका. भांडायला कोणी उरलं नाही तर तो म्हातारा हाय खाईल." गावानेही तोंड शिवून घेतलं. मरडो कुठे जात नव्हता, कोणाला घरात घेत नव्हता, ते पथ्यावरच पडलं.

"निदान ही काठी तरी घे," फिनले म्हणाला. "आणि खड्ड्यात पडलीस तर ओरड. माझ्या मेंढ्या तेवढंही करत नाहीत."

ती दोनदा पडली, पण ओरडली नाही. खिडकीशी उभा असलेला मरडो तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. त्याच्याशी आयुष्यात ती चार शब्द बोलली नसेल, पण आता तो तिचाच कोणीतरी झाला होता. त्याला काही झालं तर आपण हे सोसू शकणार नाही, हे तिला कळत होतं. ती धावायलाच लागली.

चढ संपला आणि ती जागच्या जागी थिजली. टॉर्किलच्या धुराड्यातून धूर निघत होता.

तिने दार ढकललं. चुलीपुढे मरडो ओले मोजे वाळवत बसला होता.

"दार लाव आधी. वारा येतोय."

"मरडो, तुम्ही इथे? टॉर्किल..."

"गेला. माहीत आहे मला. असता तर एव्हाना परतला असता. पूल वाहून गेल्यावर म्हटलं, आज काही तू पोचत नाहीस. पेटवून गुपचूप परतणार होतो, पण गुडघे ऐकेनात." त्याने चुलीत पीटमातीची एक वीट सारली. "आणि पोरी, निघताना निखारा राखेखाली झाकत जा. रोज सकाळी गार चुलीचा तो काळा लोट! घरात कोणी झोपत नाही, हे आंधळ्यालाही कळेल."

एफीने दार लोटलं. "म्हणजे तुम्हाला आधीपासूनच ठाऊक होतं? मग बोलला का नाहीत? मी रोज तुमच्यासाठी येत होते!"

मरडोने मोजे पालथे केले.

"इस्पितळात जायच्या आदल्या दिवशी टॉर्किल माझ्या दारात आला होता. इतक्या वर्षांनी. म्हणाला, मला काही झालं तरी तुला काहीच माहीत नाही, असं दाखव. नवरा गेल्यापासून एफी अंथरुणातून उठत नाही. निदान माझी चूल पेटवायला तरी उठेल."