नॉक्सव्हिलचं सेंटर

"वेळ संपली! पेन्सिल खाली!"

हॉबर्ट स्टिडमनी टेबलावर हात आपटला आणि मार्लेना दचकली. लॉ कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेचे सरावप्रश्न अजून उरले होते.

"घड्याळाला घाबरणारा वकील पाहिलायस कुठे?"

"नाही, डॅडी."

"मागच्या खेपेला हातपाय गाळून अर्धा पेपर कोरा ठेवून आलीस. पुन्हा तेच केलंस तर गावात तोंड कुठे दाखवू मी?"

"हॉबर्ट, पोरीला घास तरी गिळू दे," आईने मक्याचा पाव पुढे सरकवला.

"वकील झाली की गिळेल."

चुकलेला प्रश्न मग त्यांनीच उलगडून दाखवला. असले प्रश्न म्हणजे त्यांच्या हातचा मळ. केंटकीच्या डोंगरांतल्या त्या खाणगावात प्रत्येकाचं मृत्युपत्र, जमिनीचे कागद त्यांच्याच हातचे. कोर्टाची पायरी तेवढी ते चढत नसत. "तिथे नुसते कावळे भांडतात," म्हणायचे. पदवीचा कागद जुन्या पुरात वाहून गेला होता, पण तो बघायला मागतोय कोण? सगळं गाव त्यांना वकीलसाहेब म्हणायचं.

मार्लेनाची झोप उडाली होती. पेपर समोर आला की अक्षरं मुंग्यांसारखी पळायची. शेवटी तिने एक खोटं रचलं. परीक्षा फेब्रुवारीत देणार असं घरी सांगितलं आणि राज्याबाहेर, पार नॉक्सव्हिलला, ऑक्टोबरच्याच परीक्षेला नाव नोंदवलं. नापास झालीच तर कुणाला कळायला नको.

त्या शनिवारी मैत्रिणीच्या लग्नाला जाते म्हणून ती निघाली. डॅडी तिच्याआधीच, करडी हॅट चढवून, जमिनीच्या कामाला म्हणून गाडी घेऊन गेले होते. तिला हायसं वाटलं.

नॉक्सव्हिलच्या विद्यापीठात, परीक्षेच्या सेंटरवर, लांब व्हरांड्यात पोरंपोरी रांगेत उभी होती. मार्लेना रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. इतक्यात पुढे, पोरांच्या डोक्यांवरून, तिला ती करडी हॅट दिसली.

डॅडी!

ती झटकन खांबाआड सरकली. कळलं यांना. आता सगळ्यांदेखत दंडाला धरून बाहेर ओढणार. ती खांबाला चिकटून बघत राहिली.

डॅडी थेट नावनोंदणीच्या टेबलापाशी गेले. हॅट काढून छातीशी धरली.

"नाव?" टेबलामागच्या बाईंनी विचारलं.

"हॉबर्ट स्टिडम."

मार्लेनाने डोळे घट्ट मिटले. आता डॅडी माझी चौकशी करतील.

"ओळख पटवायला अंगठा इथे उठवा, मिस्टर स्टिडम. परीक्षा पहिल्यांदाच देताय?"

"नाही, बाई. दर वर्षी देतो," डॅडी खालच्या आवाजात म्हणाले. "यंदा तरी एखादं लॉ कॉलेज आत घेईल."