विद्यार्थिनी क

"'...आणि हजेरी सुरू झाली की सर्वांत आधी हात वर करते ती विद्यार्थिनी क.'" सुप्रियाने श्वास घेतला. "कसं वाटलं?"

"ही क कोन?" गजराबाईंनी विचारलं.

डिंभ्याच्या धरणाच्या पाण्याकाठी मेंढरांचा वाडा पडला होता. त्याच्या कडेला घोंगडीवर बसून सुप्रिया मोबाईलवरून स्वतःचा लेख वाचून दाखवत होती, आणि तिचा आवाज वाक्यागणिक चढत होता. चढणारच! दोनशिक्षकी शाळेची ही मुख्याध्यापिका, आणि तिचा लेख शिक्षण प्रशासनाच्या संशोधन नियतकालिकात छापून येणार होता. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी शाळा कशी चालवावी, या विषयावरचा खास अंक होता. परीक्षकांनी लेख दोनदा परत पाठवला, दोनदा तिने दातओठ खाऊन तो नव्याने लिहिला, आणि आज रविवारी सकाळी निरोप आला: स्वीकारला आहे. फक्त मुलीच्या आईला शेवटचा मजकूर वाचून दाखवा आणि त्यांचा होकार आजच कळवा, अंक छपाईला चाललाय. सुप्रियाने चहा तसाच ठेवला, स्कूटी काढली आणि खड्डे न बघता सुटली.

"क म्हणजे आपली हर्षाली."

हर्षाली गजराबाईंची लेक, चौथीतली, जन्मापासून ऐकू न येणारी. आई निम्मं वर्ष मेंढरांमागे रानोमाळ, पोर शाळेपायी चुलतीकडे. आज सुट्टी म्हणून ती आईपाशी आली होती आणि खाली पाण्याच्या कडेने कोकरं हुंदडवत होती.

"मंग हर्षाली म्हना की."

"तसं चालत नाही हो. नाव लपवायचा नियम आहे."

"का? चोरी केलीया तिनं?"

सुप्रिया हसली, पण गजराबाई हसल्या नाहीत. तेव्हा तिने नीट समजावलं. पोर लहान आहे, लेख कुणीही वाचेल, उद्या कुणी तिला हुडकून काढलं, चिडवलं तर? म्हणून नाव नको.

"सारं गाव मुकी म्हनून हाका मारतंय, तवा न्हाई आला ह्यो नियम," गजराबाई म्हणाल्या. "आमच्या मेंढरांना बी नावं हायेत, बाई. ती चांदी, ती बांडी. आन् माज्या पोरीला क? न्हाई जमायचं. नाव घाला, न्हाईतर छापू नगा."

झालं! होकार नाही तर लेख नाही, आणि नाव घातलं तरी लेख नाही. वर्षभराची मेहनत, दोन परीक्षक आणि सकाळचा तो आनंद, सगळं एका अक्षरावर अडलं. सुप्रियाला गजराबाईंचा राग यायला हवा होता. आला तो स्वतःचा. कारण अख्खा लेख होता तो नावांचाच. हर्षाली शाळेत आली तेव्हा सुप्रियाने शाळेची घडीच मोडून नवी बसवली होती. घंटेऐवजी लाल फडकं, रांगांऐवजी गोल बैठक आणि हजेरी खुणांनी. प्रत्येकाच्या नावाची एक खूण, आणि ती हर्षालीनेच ठरवलेली. खिचडी शिजवणाऱ्या साळुबाईंनासुद्धा खूण मिळाली होती. आणि एवढं सगळं लिहून, त्या पोरीचं नाव काय ठेवलं, तर क!

खालून हर्षालीने वर पाहिलं. बाई दिसताच तिचा चेहरा फुलला. तिने नाकावर नसलेला चष्मा बोटाने वर सरकवला. चष्मेवाल्या सुप्रियाच्या नावाची ही खूण.

सुप्रिया ताडकन उठली. "थांबा, गजराबाई! आलेच!"

ती टेकाडावर पळाली, कारण रेंज तिथेच होती. पुण्यातल्या संपादक बाईंनी फोन उचलला.

"मॅडम, क काढायचा. नाव नाही घालायचं. तिच्या नावाची खूण घालायची! शाळेतल्या पोरांशिवाय ती कुणाला माहीत नाही. तिला कुणी हुडकणार नाही, आणि नाव मात्र तिचंच राहील."

पलीकडून पानं उलटल्याचा आवाज आला.

"चालेल ना, मॅडम?"

"चालेल की," संपादक बाई म्हणाल्या. "हे आम्हाला आधी का सुचलं नाही, तेच कळत नाहीये. आई हो म्हणाली, की वाक्य बदलून पाठवा. छपाई थांबवते तोवर."

सुप्रिया धावतच खाली आली. धापा टाकत तिने नवं वाक्य तिथल्या तिथे जुळवून म्हणून दाखवलं. "'सर्वांत आधी हात वर करते ती मुलगी, जिला आम्ही गालावर बोट टेकवून हाक मारतो.' तिच्या गालाला खळी पडते ना, म्हणून."

"असं म्हनत्यात तिला साळंत?"

"सगळे."

"मला न्हाई म्हाईत," गजराबाई हळूच म्हणाल्या.

हर्षाली पाठमोरी झाली होती. गजराबाईंनी मातीचं ढेकूळ उचललं आणि मेंढरू वळवायला टाकतात तसं तिच्या पुढ्यात टाकलं. लेकीला बोलवायची त्यांची रीत तीच. पोर वळली आणि आता आई हात हलवून ये म्हणेल म्हणून निघालीसुद्धा.

गजराबाईंनी हात हलवला नाही. लाजत, इकडेतिकडे बघत, त्यांनी आपल्या उन्हाने रापलेल्या गालावर बोट टेकवलं.

हर्षाली जागच्या जागी थबकली. मग तिने टाचा उचलल्या आणि हजेरीला करतात तसा हात वर केला, होता होईल तेवढा उंच.