सजीव सामानाचा ताबा

झुडूप मेलं, असा अहवाल चार वाजता वरच्या मजल्यावर गेला. सव्वाचारला असा कुठलाही अहवाल गेलेला नव्हता. कारण भांडारपाल बाई तो हातात घेऊनच खाली आल्या, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी झुडपाच्या खोडात नख खुपसलं, आणि नखाला रस लागला.

"मेलेलं इतकं ओलं नसतं," बाई म्हणाल्या आणि अहवाल फाडून त्यांनी कारकुनाच्याच टोपलीत टाकला.

झुडूप गुडघ्याएवढं होतं. मेणबत्त्यांसारख्या जाड, राखट हिरव्या फांद्या. 'शेवंतीच्या कुळातील, पाण्याविना तग धरणारे' अशी पट्टी कुंडीला होती, पण ती बाजू पहिल्यापासून भिंतीकडे. कारकुनाने ते चार महिने कपाटात कोंडलं होतं, थेंबभर पाणी न घालता. कपाटाला कुलूपही लावलं होतं, उगाच पळून जायला नको म्हणून. काल शेवटचं पान गळालं, तेव्हा त्याने घरी फोन करून आनंदाची बातमी दिली होती.

"बाई, अहो पानं तरी बघा. एक शिल्लक नाही."

"पाणी नसलं की पानं टाकतंच ते. सरळ रजेवर जातं. तुमच्यासारखं अर्ज करत बसत नाही."

कचेरीचा नियम सोपा होता. ज्याच्या नावावर सजीव सामान, त्याला ते दुसऱ्याच्या ताब्यात दिल्याशिवाय किंवा ते मेल्याशिवाय सोडायचं नाही. बदलीचा हुकूम कारकुनाच्या खिशात होता. बायकोच्या गावची कचेरी. पण आज पाचपर्यंत इथून सुटला तरच, नाहीतर हुकूम रद्द. तीन वर्षांची मुलगी त्याला 'मोबाइलमधले बाबा' म्हणायची. आईने मोबाइल चार्जिंगला लावला की सांगायची, बाबा जेवतायत.

"तुम्ही घ्या ना ताबा, बाई. पाया पडतो."

"मी? माझ्या नावावर साहेबांच्या केबिनमधला मासा आहे." बाईंनी सुस्कारा सोडला. "अकरा वर्षं झाली. मरत नाही मेला."

"मग माझ्या आधीचे कारकून कसे सुटले?"

"सुटले कुठे? निवृत्त झाल्यावरही दोन वर्षं येत होते. मग तुमची भरती केली."

कारकून उठला. त्याने झुडूप दोन्ही हातांनी धरलं आणि काडकन मोडलं. मग पुन्हा मोडलं. मग आणखी. चिकट रस त्याच्या मनगटापर्यंत ओघळला.

"घ्या! आता लिहा मेलं म्हणून!"

बाह्या सारून बाई खाली बसल्या, तुकडे एकेक करून टेबलावर ओळीने मांडले आणि नोंदवही उघडली. 'एक' खोडलं. 'सात' लिहिलं.

"याचा प्रत्येक तुकडा रुजतो हो. नुसता मातीत टोचायचा." त्यांनी पेन पुढे केलं. "इथे सही. आणि कुंडी एकच आहे, तेव्हा आणखी सहांची मागणी वेगळ्या कागदावर."

कारकुनाने सही केली. बाहेर पाचची घंटा झाली. टेबलाच्या कडेला त्याचा फोन चार्जिंगला लावलेला होता. तो वाजला, बराच वेळ वाजत राहिला. बाबा जेवत होते.

मग त्याने वेगळा कागद घेतला.

'विषय: कुंड्यांची मागणी. महोदय, सहाऐवजी पाचच कुंड्या मंजूर कराव्यात. सहावी कुंडी म्हणून माझी नोंद घेण्यात यावी, आणि सातही झुडपे कुंड्यांसह माझ्या पत्नीच्या गावच्या कचेरीत पाठवण्यात यावीत, ही नम्र विनंती. मला पाणी फारसे लागत नाही.'