रिगोचं वय

एर्मेलिंदाने पोराच्या कानशिलावरचे पांढरे केस पुसायला घेतले, तेव्हा अरासेलीला वाटलं, म्हातारीचा हात चुकला.

"अहो डोन्या एर्मेलिंदा, ते राहू द्या! मागच्या खेपेला तुम्हीच रंगवलेत ना ते, एकेक करून?"

एर्मेलिंदाने संगणकाच्या पडद्याजवळ तोंड नेलं आणि पुढचा केस पुसला.

कुलियाकानच्या बाजारात अरासेलीचं दुकान होतं. लग्नाचे, बाप्तिस्म्याचे, पोरींच्या पंधराव्या वाढदिवसाचे फलक ती छापायची. शनिवारी मात्र तिथे बेपत्ता पोरांच्या आया यायच्या, आणि अरासेली त्यांना संगणकावर फोटोचं काम शिकवायची. एर्मेलिंदाचा रिगो एकोणीस वर्षांचा असताना सकाळी कामाला गेला, तो गेलाच. तेव्हापासून दर वाढदिवसाला आई त्याला फोटोत एक वर्षाने मोठा करायची आणि नवा फोटो गावभर खांबांवर चिकटवायची. पोरगा वाढत असणार. जुन्या फोटोवरून लोक त्याला ओळखणार कसे?

सुरुवातीला काय तारांबळ! गालावर सुरकुती ओढायला गेली, तर रिगोला मांजराच्या मिशा फुटल्या. दोघी पोट धरधरून हसल्या आणि हसता हसता एर्मेलिंदा ढसाढसा रडली. पुढे कपाळावरचं टक्कल तिने मेलेल्या नवऱ्याच्या फोटोतून उचललं. "मेल्याने पोरासाठी दुसरं ठेवलंय काय!" म्हणाली.

एक घोळ मात्र तिने पहिल्याच दिवशी करून ठेवला. मूळ फोटोवरच नवा फोटो साठवला. ज्या मोबाईलवर तो काढला होता, तो तर कधीच मोडीत गेलेला. अरासेलीने कपाळावर हात मारून घेतला.

"मूळ फोटो जपायचा असतो हो! कितीदा सांगितलं!"

"जुना घेऊन काय करू? माझा रिगो आता तसा दिसतोय होय?"

आज तिने टक्कल भरून काढलं. डोळ्यांखालची सूज उतरवली. दाढीचे खुंट घालवले, हनुवटी कोवळी केली. माउस धरताना थरथरणारा तिचा हात आज कसा सरळ चालत होता! पण एवढ्या वर्षांचं काम ती स्वतःच मातीत घालत होती, आणि ते बघून अरासेलीचं टाळकं सरकलं.

"बास!" तिने माउसच धरला. "वेड लागलंय का तुम्हाला? असला मिसरूड न फुटलेला पोरगा खांबावर लावलात, तर ओळखणार कोण त्याला?"

एर्मेलिंदाने तिचा हात हळूच बाजूला केला.

"खांबावर नाही गं, पोरी. शवपेटीवर ठेवायचाय." तिने तळहातानेच नाक पुसलं. "सापडला तो. काल हाडं दाखवली मला. रक्त जुळलंय. डॉक्टरीणबाई म्हणाली, एकोणीस-वीस वर्षांच्या पोराची आहेत."

अरासेलीने खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसली.

एर्मेलिंदा पुन्हा पडद्याकडे वळली. ओठांच्या कडेची शेवटची सुरकुती तिने पुसली.

"उगाच म्हातारा केला मी त्याला."