भिंतीपलीकडची गोचीड

"ही गोचीड त्या शेजारच्या श्रीमंतच्याच गोठ्यातून येऊन राहिली," आप्पासाहेब बायकोला सारखे सांगायचे. पेरणी तोंडावर आली होती आणि बैल पार खंगले होते. रोज संध्याकाळी ते बैलांच्या अंगावरची टम्म फुगलेली गोचीड उपटत आणि "घे, तुझी तुला" म्हणत भिंतीपलीकडं शेजाऱ्याच्या गोठ्यात भिरकावत. तरी गोचीड वाढतच गेली, तेव्हा त्यांनी भोकरच्या ठाण्यातून निजामाच्या अमीनसाहेबांनाच झडतीला आणलं.

श्रीमंतच्या गोठ्यात एकही जनावर नव्हतं. भिंतीच्या बुडाशी मात्र गोचिडीच्या अंड्यांचे ढीग होते, आणि त्यातून निघालेली पिल्लं भिंत चढून आप्पासाहेबांच्या बैलांकडं निघाली होती.

 

"माझी ढोरं शिमग्यापासून शेतावरच हायत, साहेब," श्रीमंत म्हणाला. "रोज भिंतीवरून गोचीड कोण टाकतंय, तेवढं शोधा."